दह्याच्या डब्यातला ओक

श्रूजबरीत सुलभाकाकूंच्या घरून कुणी रिकाम्या हातानं बाहेर पडलंय, असं आजवर झालेलं नाही. नळ दुरुस्त करायला आलेला टिमसुद्धा जाताना साबुदाण्याची खिचडी घेऊन जातो. पहिल्या वेळी त्यानं डब्याकडे असं बघितलं होतं, की जणू काकूंनी त्याच्या हातात विंचू दिलाय. आता बेसिन तुंबलेलं नसलं तरी महिन्या-दोन महिन्यांनी तो आपणहून फोन करतो, 'सगळं ठीक वाहतंय ना?'

डबा म्हणजे दह्याचा. पांढरा, प्लास्टिकचा, चांगला मोठा. काकूंच्या घरी दही संपतं, डबा संपत नाही. जिन्याखालच्या कपाटात एकात एक घातलेल्या डब्यांचे मनोरे उभे आहेत आणि कपाट उघडलं की त्यातला एक तरी अंगावर येतोच. काकूंचे यजमान अरुणकाका त्या कपाटाला 'काकूंची बँक' म्हणतात. "आमच्या फ्रिजात आइस्क्रीमच्या डब्यात कोथिंबीर असते, दह्याच्या डब्यात आमटी असते आणि आमटीच्या पातेल्यात दही असतं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. "झाकण उघडेपर्यंत देवालाही ठाऊक नसतं."

गावातल्या मराठी घरांत हे डबे वर्षानुवर्षं फिरत असतात. नियम एकच. डबा रिकामा परत करायचा नाही. उसळ घेऊन गेलेला डबा चिवडा घेऊन परत येतो, चिवड्याचा डबा लाडू घेऊन जातो. लाडवाच्या डब्यातून एकदा नुसती साखर परत आली, तेव्हा काकूंनी त्या घराबद्दल जे काही म्हणायचं ते मनात म्हटलं.

काकू मूळच्या मिरजेच्या. इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात त्यांची नोकरी सरली. एवढ्या वर्षांत एक नमुना कधी इकडचा तिकडं झाला नाही, याचा त्यांना कोण अभिमान! निवृत्तीच्या समारंभात त्यांना काचेचा एक ठोकळा मिळाला, त्यावरही तसंच काहीसं कोरलेलं आहे. तो ठोकळा फ्रिजच्या डोक्यावर असतो. पुढं जे झालं, ते त्याच्या नाकाखाली झालं.

झालं असं. काकूंच्या तळघरातल्या खोलीत चारुता राहते. नागपूरची पोर, जंगलांवर पीएच.डी. करते. महिनाभरासाठी म्हणून आली होती, त्याला तीन वर्षं होऊन गेली. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी ती हातात एक पिशवी धरून वर आली. पिशवी अशी धरली होती, की जणू आत तान्हं मूल झोपलंय.

"मावशी, हे फ्रिजमध्ये ठेवून देते न. सोमवारपर्यंतच. लॅबच्या बिल्डिंगची वीज बंद करून राहिलेत, दुरुस्ती आहे म्हणे."

"काय आहे त्यात?"

चारुतानं पिशवीतला ओला पेपर टॉवेल उलगडला. आत लिंबाहून मोठ्या, तपकिरी, टणक अशा सहा बिया होत्या.

"अगं बाई! ह्या कसल्या सुपाऱ्या?"

"ओक आहे, मावशी."

"चल, काहीतरीच! ओकचं बी मी बघितलं नाही होय? मागच्या अंगणात सडा पडतोय. एवढंसं असतंय, खार गालात घालून पळतीय. हे खारीनं गालात घातलं तर तिचे डोळे बाहेर येतील की!"

"तो इथला ओक. हा तिकडचा. कोस्टा रिकाच्या डोंगरातला, ढगात राहणारा. ह्याले थंडी माहीतच नाही. पानं गाळत नाही, बारा महिने हिरवा." चारुता बोलायला लागली की तिचं नागपूर आणि तिची पीएच.डी. हातात हात घालून चालतात. "जंगलं तुटून राहिली, त्यानं झाडं थोडी उरली. त्यात दरवर्षी फळ धरत नाही. मागच्या खेपेच्या सगळ्या बिया सडल्या माझ्या. ह्यांच्यासाठी दोन वर्षं थांबली मी. अन् ह्यांची एकच खोड. वाळल्या की मेल्या. आपल्या गहू-ज्वारीसारख्या सुकवून नाही ठेवता येत. म्हणून ओल्या ठेवायच्या. हात नका लावू बाप्पा, एवढंच."

काकूंनी छातीवर हात ठेवला. "अगं, गावाची रक्तं सांभाळली मी. तुझ्या ह्या चार सुपाऱ्या सांभाळत नाही होय? जा बिनघोर."

चारुतानं तरीही पिशवीवर जाड लाल अक्षरांत 'खाऊ नका' असं लिहिलं आणि मैत्रिणींकडे जर्सी सिटीला निघून गेली.

थँक्सगिव्हिंगला काकूंकडे टर्की नसते. वालाची उसळ, पुऱ्या आणि श्रीखंड असतं. सकाळी फ्रिजमध्ये श्रीखंडाचं पातेलं सरकवताना काकूंना ती पिशवी दिसली. खालून पाणी पाझरत होतं. वरून हवा बंद. 'गुदमरतील की लेकरं,' काकूंच्या मनात आलं. त्यांनी स्वच्छ धुतलेला दह्याचा डबा घेतला, टॉवेलसकट सहाही बिया त्यात अलगद ठेवल्या, झाकणाला सुईनं भोकं पाडली आणि डबा मधल्या कप्प्यात ठेवला. पिशवी, लाल अक्षरांसकट, कचऱ्यात गेली. आपण केवढं शहाणपणाचं काम केलं, या आनंदात काकूंनी पुऱ्यांची कणीक भिजवली.

दुपारी मंडळी आली. प्रीता आणि तिचा नवरा, उत्तरा आणि तिचा मुलगा आर्य, आणि शेवटी मृणालिनी आणि तिचा नवरा बाळकाका. मृणालिनी अलिबागची. तिचं आणि काकूंचं तीस वर्षांचं मैत्र आहे आणि तेवढंच जुनं भांडण. विषय वाल. मृणालिनी वाल भिजवते, मोड आणते, एकेक दाणा सोलते आणि त्याचं बिरडं करते. तिच्या मते बाकी सगळं जग वालाची विटंबना करतं.

पहिल्याच घासाला तिनं दाणा जिभेवर फिरवला. "सुलभा, चव बरी आहे गो. पण हे वाल तू सोललेस?"

"मग काय वालांनी आपणच कपडे काढले?" काकू म्हणाल्या आणि लगबगीनं पुऱ्या आणायला उठल्या. कारण वाल फ्रोझन होते. एडिसन गावच्या देशी दुकानातून अरुणकाकांनी गाडीची डिकी भरून आणलेले. ही गोष्ट त्या दोघांना आणि डीप फ्रीझरला सोडून कुणाला ठाऊक नव्हती.

निघायच्या वेळी दारात नेहमीचा गोंधळ झाला. "नको हो काकू!" "घे की, एवढंसं तर आहे." "काकू, खरंच नको." "मुलाला लागंल." एकीकडे बूट चढवले जात होते, एकीकडे काकू फ्रिजमधून डबे काढून हातात कोंबत होत्या. पांढरा डबा, पांढरा डबा, पांढरा डबा.

शुक्रवार पुऱ्यांची सुस्ती उतरवण्यात गेला. शनिवारी सकाळी काकूंनी बियांना पाणी हवंय का बघावं म्हणून मधल्या कप्प्यातला डबा काढला. आत उसळ. दुसरा काढला. उसळ. तिसऱ्यात आमटी, चौथ्यात भिजवलेले बदाम. काकूंनी फ्रिज रिकामा केला. मग फ्रीझर. मग, काय वाटलं कोण जाणे, वॉशिंग मशीनसुद्धा उघडून बघितलं.

"अहो!" त्यांची हाक अशी आली की अरुणकाका अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आले. "चारूच्या बिया गेल्या! मी कुणाला तरी वाटल्या!"

अरुणकाका फेसातून म्हणाले, "मग काय, प्रसाद गेला म्हणायचं."

"तुम्हाला चेष्टा सुचतीय! दोन वर्षं थांबली होती ओ पोरगी."

आता हे फोनवर विचारायचं कसं? 'मी तुम्हाला चुकून जंगल दिलं का?' असं तर विचारता येत नाही. काकूंनी आडवळण घेतलं. पहिला फोन प्रीताला.

"प्रीता, सहज केला होता. डबा उघडलास का गं परवाचा?"

"अय्या काकू, तुमची उसळ! अप्रतिम! सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली."

"उसळच होती ना? नक्की?"

"म्हणजे काय! तुमच्या हाताला चवच आहे."

दुसरा फोन उत्तराला. तीही म्हणाली, "उसळ काय सुंदर होती, काकू!" काकूंचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात मागून आर्यचा आवाज आला, "आई, दॅट वॉज आमटी. आय पुट इट ऑन पास्ता."

या गावात डब्याबद्दल विचारलं की सगळे 'अप्रतिम' म्हणतात. उघडला असो, नसो. उद्या कुणी बिया खाऊन मेलं, तरी जाता जाता 'अप्रतिम' म्हणूनच जाईल.

तिसरा फोन मृणालिनीला. तिनं स्तुती केली नाही. पण ती कधीच करत नाही, त्यामुळे त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

"डबा ना? मिळाला. परत देईन हो. रिकामा नाही द्यायची," एवढं म्हणून तिनं फोन ठेवूनही दिला.

"चला," काकू पर्स उचलत म्हणाल्या. "आधी प्रीताकडे."

"तिनं तर बोटं चाटली ना?"

"म्हणूनच."

प्रीताच्या गॅरेजमधल्या फ्रिजात डबा जसाच्या तसा होता. झाकणाची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. आत श्रीखंड. प्रीता कानापर्यंत लाल झाली. एरवी काकूंनी ही गोष्ट दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून सांगितली असती, पण आज त्यांना तेवढाही उत्साह नव्हता. उत्तराच्या घरी आमटी होती, ती पोटात गेलेली. उरली मृणालिनी.

"आता उद्या जाऊ," काकू म्हणाल्या. तिथं जायचं म्हणजे दारात उभं राहून, मी चुकले, असं म्हणायचं. आणि ते वाक्य मृणालिनीपुढं काकूंनी आजवर म्हटलेलं नव्हतं. पण रविवारी संध्याकाळी चारुता परत येणार होती.

रविवारी सकाळी बाळकाकांनी दार उघडलं. हे निवृत्त सर्जन. हात शिवशिवत असतात. घरी कलिंगडसुद्धा स्कॅल्पेलनं कापतात असं म्हणतात.

"या, या! सुलभा, तू पाठवलेली गाठ मी कापून बघितली."

काकूंनी दाराची चौकट धरली. "सगळ्या?"

"छे, एकच. आत पांढरंशुभ्र. जरा चाखलं. इतकं तुरट, की जीभ अजून सरळ होत नाहीये."

आत मृणालिनी ओट्यापाशी पदर खोचल्यासारखी उभी होती. अंगात स्वेटर आणि पॅन्ट होती, पण आविर्भाव पदर खोचल्याचाच.

"आलीस? ये. मला वाटलंच, निकाल बघायला येशील. आव्हान देतेस काय मला? म्हटलं, बाईनं कुठल्या देशातले वाल शोधून काढले! न भिजवलेले, न सोललेले. वर ओल्या कागदात गुंडाळून. 'घे, ह्याचं कर बिरडं!' असंच ना?"

"मृणालिनी, अगं—"

"थांब, आधी बघ." तिनं ओव्हन उघडला. ओव्हन बंद होता, आतला दिवा तेवढा लावलेला. थंडीच्या दिवसांत या गावात मोड आणायचे तर ओव्हनच्या दिव्याच्या उबेतच आणावे लागतात. आत बाळकाकांच्या जुन्या पंच्याची घट्ट पुरचुंडी होती. "रात्रभर कोमट पाण्यात ठेवले, मग बांधले. साल इतकं चिवट, बाई गो! एक सोलताना नख गेलं माझं. म्हटलं, बाकीच्यांना मोड येऊ देत, मग सोलू."

काकू स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या. सगळं सांगितलं. पिशवी, लाल अक्षरं, सुईची भोकं, दारातला गोंधळ. ऐकता ऐकता मृणालिनीनं पुरचुंडी अलगद ओट्यावर काढून ठेवली.

"म्हणजे हे वाल नाहीत?"

"ओक आहे. जंगलातला."

"अरे देवा. आणि मी फोडणीला हिंगाचा विचार करत होते." मग ती सावरली. "नेशील हो. पुरचुंडीसकट ने. पण एक सांग. परवाची उसळ. फ्रोझनची होती ना?"

काकूंनी अरुणकाकांकडे बघितलं. अरुणकाकांनी छताकडे.

"सुलभा."

"होती," काकू म्हणाल्या. "दर वर्षीच असतीय."

मृणालिनीनं डोळे मिटून घेतले. एखाद्याला खूप उशिरा न्याय मिळावा, तसा तिचा चेहरा झाला. मग तिनं पुरचुंडी सोडली. पाच बिया होत्या. एक सोललेली, उघडीवाघडी. तिला चांगला करंगळीच्या पेराएवढा कोंब फुटला होता. बाकीच्यांतल्या दोघींची सालं टोकाशी तडकली होती आणि आतून गुलाबीसर काहीतरी डोकावत होतं.

परतताना काकूंनी पुरचुंडी मांडीवर धरली होती. अरुणकाकांनी गाडी कधी नव्हे ती हळू चालवली. सिग्नलला थांबल्यावर ते म्हणाले, "पाच आहेत. सहावी कुठं विचारलं तर खारीनं नेली म्हण. सोललेली परत टॉवेलात गुंडाळ. कुणाला कळतंय?"

"फ्रिजात खार कशी शिरली म्हणून विचारलं तर?"

"मग टिमनं नेली म्हण. तो काहीही नेतो."

काकू हसल्या नाहीत. "लॅबमध्ये एकदा माझ्या हातून नळी फुटली होती. रुग्णाला परत सुई टोचायला मीच गेले होते. फुटली कशी, ते कुणी विचारायच्या आधीच सांगितलं होतं."

चारुता आली तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. तिनं एक बूट काढला होता, दुसरा पायातच, तेवढ्यात काकूंनी सगळं सांगून टाकलं. दम न घेता, एखाद्या मुलानं शाळेतला मार सांगावा तसं. "पिशवी मी टाकली. डब्यात मी घातल्या. वाटल्या पण मीच. एक बाळकाकांनी कापली, एक मृणालिनीनं सोलली. चार बऱ्या आहेत, असं मला वाटतंय. तू बघ."

चारुता एका बुटावर तशीच पुरचुंडीपाशी गेली. एकेक बी हातात घेऊन उलटंपालटं केलं. बराच वेळ. मग हळूच विचारलं, "पाणी कोमट म्हणजे किती कोमट?"

"बोट घालवेल इतकं, म्हणाली."

"अन् ओव्हनमध्ये किती वेळ होत्या?"

"बिरड्याला लागतंय तेवढा."

"बाप्पा," चारुता म्हणाली. "हे मी लिहू कसं?" ती हसली नाही, रागावलीही नाही. बिया घेतल्या आणि तळघरात गेली. पंचा धुऊन वाळत घातला.

चार बिया लॅबमध्ये गेल्या आणि रुजल्या. एवढं ती जेवताना सांगायची. पण दुसऱ्याच आठवड्यात तिनं खोलीत एक छोटा फ्रिज आणला. "वर चढायचा कंटाळा, मावशी," म्हणाली. तिचं दूध खाली गेलं, सफरचंदं खाली गेली. काकूंच्या फ्रिजात तिचं असं काही उरलं नाही. एक दिवस अरुणकाकांना दिसलं, की फ्रिजवरचा काचेचा ठोकळा जाग्यावर नाही. कपाटात डब्यांच्या मागं सापडला. त्यांनी तो परत वर ठेवला, काकूंनी परत आत टाकला. असं दोनदा झालं. मग अरुणकाकांनी चेष्टा बंद केली. त्या घरात चेष्टा बंद होणं म्हणजे ताप आल्यासारखं असतं.

त्या हिवाळ्यात काकू पाहुण्यांना डबे देताना दारात थांबून झाकण उघडून दाखवायच्या. "बघ, उसळ आहे. बघितलीस ना?" पाहुणे गोंधळून 'अप्रतिम' म्हणायचे.

मार्चमध्ये, अंगणातल्या बर्फाच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या, तेव्हा चारुता एका शनिवारी वर आली. हातात दह्याचा डबा होता. तळाला भोकं पाडलेली, खाली बशी. डब्यात माती होती आणि मातीतून वीतभर उंच, सरळ, तांबूस देठाचं एक रोप उभं होतं. पानं लांबट, टोकदार, कोवळी. इथल्या ओकच्या पानांसारखी कातरलेली नव्हती. आंब्याच्या पालवीची आठवण यावी तशी.

"मावशी, तुमचा डबा परत द्यायचा राहिला होता न."

काकूंनी एका पानाला हळूच बोट लावलं.

"ती सोललेली. प्रयोगात नाही चालत ती, बाकीच्यांसारखी नाही ना राहिली. मॅडम म्हणाल्या, फेकून दे नाहीतर घरीच ठेव. मंग म्हटलं, डबा रिकामा कसा परत करू?"

"अगं, पण मी... माझ्याकडं ठेवतीस? परत?"

"तुमच्याकडे नाही तर कोणाकडे ठेवू? मृणालिनीकाकू बिरडं करून टाकतील." चारुतानं फ्रिज उघडून आत डोकावलं. "अन् मावशी, माझं दूध ठेवते आजपासून इथं. खालचा फ्रिज रात्रभर घुरघुर करते, झोपच येत नाही."

काकूंनी नाक ओढलं आणि रोप खिडकीत ठेवलं. मग तिथून उचलून दुसऱ्या खिडकीत ठेवलं. मग हॉलमध्ये. अरुणकाका पेपर बाजूला सारून आले, रोपाभोवती एक फेरी मारली.

"हे केवढं होतंय मोठं झाल्यावर?"

"दहा मजली घराएवढं," चारुता म्हणाली. "अन् थंडीत बाहेर ठेवायचं नाही."

अरुणकाकांनी छताकडे बघितलं. मग काकूंकडे. "म्हणजे वरची खोली गेली."

"जाऊ दे की," काकू म्हणाल्या. "तुमचा ट्रेडमिल पडलाय तिथं नुसता. कपडे वाळत घालायला." आणि त्या कपाटाकडे वळल्या. डब्यांचा मनोरा अंगावर आला, तो त्यांनी एका हातानं थोपवला, दुसऱ्या हातानं मागचा ठोकळा बाहेर काढला, पदर नव्हता म्हणून ओढणीनं पुसला आणि रोपाच्या शेजारी ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. मृणालिनी होती.

"चारुतानं सांगितलं मला. कसा आहे माझा ओक?"

"तुझा कसा गं? माझ्या डब्यात आहे तो."

"सोलला मी. नख माझं गेलं."

"फ्रिजात मी सांभाळला!"

पलीकडे मृणालिनी जी हसायला सुटली, ते खिडकीतल्या रोपालाही ऐकू गेलं असणार. काकूंनी फोन कानापासून लांब धरला, हसू दाबलं आणि म्हणाल्या, "उद्या ये बघायला. वाल भिजत घालते. खरे."

"आणि सोलणार कोण गो?"

"तू की," काकू म्हणाल्या. "येताना नखं वाढवून ये."

फोन ठेवून त्या चारुताकडे वळल्या. ती पुन्हा खाली निघाली होती.

"कुठं निघालीस रिकाम्या हातानं? थांब जरा," म्हणत काकूंनी नुकताच सावरलेला मनोरा परत उपसायला घेतला.